शून्य पॉइंट, तीन फाउल

जळगावच्या एका दाल मिलमध्ये हिशेबाचं काम करणाऱ्या वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी अकरावीत आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधून खेळते. यंदा या टीमने १९ वर्षांखालील मुलींची जिल्हा स्पर्धा जिंकली. फायनल संपल्यावर वडिलांनी टेबलावरच्या स्कोअरशीटचा फोटो काढला. मुलीचा नंबर ११. तिच्यापुढे पॉइंट शून्य, फाउल तीन. आधीच्या मॅचमध्येही तिचा आकडा दोन-चारच्या वर गेलेला नाही. घरी आलेले पाहुणे विचारतात, अमळनेरची आजी फोनवर विचारते, "कितला गोल?" मुलगी गप्प बसते. फार झालं तर म्हणते, "पप्पा, माझं काम वेगळं आहे. ते कागदावर येत नाही." सर मात्र तिला प्रत्येक मॅचमध्ये खेळवतात.

विभागीय स्पर्धेला निघताना वडिलांनी तिला बजावलं, "या वेळी बॉल हातात आला की मार, नुसती पळू नकोस." तिने मारले, बहुतेक चुकले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सरांनी तिला बाहेर बसवलं आणि टीम हरली. तेव्हापासून बापलेकीत नीट बोलणं नाही. वडील लिहितात: "मी आकड्यांचा माणूस आहे. जे वहीत नाही ते कसं मानायचं? ती म्हणते ते खरं आहे, की सरांनी तिची समजूत काढली आहे? पुढच्या वर्षी बारावी. जिचा एक पॉइंट होत नाही तिला खेळू द्यावं का?"

भाऊ, पत्राबरोबर स्कोअरशीटचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. मी आधी खेळाडू होते, पुढे कित्येक वर्षं टेबलावर स्कोअरर म्हणून बसले. असा कागद समोर आला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही. तुमच्या पत्रापेक्षा त्या फोटोवरच माझा जास्त वेळ गेला. तुमची सगळी शंका या एका कागदावर उभी आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू.

स्कोअरशीटवर चारच गोष्टी लिहितात. पॉइंट कोणी केले, फाउल कोणी केला, टाइम-आउट कधी घेतला आणि मैदानात कोण उतरलं. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल कोणी पकडला, ते त्यात नसतं. कोणाच्या पासवर बास्केट झाली ते नसतं. बॉल कोणी हिसकावला तेही नसतं. मॅचमध्ये वाद झाला तर रेफरीला निकाल देता यावा, एवढ्यासाठी हा कागद ठेवतात. मुलींच्या खेळाचा हिशेब लिहिणं हे टेबलावरच्या माणसाचं कामच नाही. डिफेन्सच्या बाबतीत तर हा कागद साफ एकतर्फी आहे. डिफेन्स चुकला की नावापुढे 'पी' (पर्सनल फाउल) पडतो. डिफेन्स चांगला झाला की काहीच पडत नाही. रोजमेळात कोणी फक्त नावे बाजू लिहिली आणि जमा बाजू कोरी ठेवली, तर त्या वहीवरून तुम्ही नफातोटा काढाल का? मुलीच्या बाबतीत तुमच्या हातून तेच झालं आहे.

आता तो फोटो पुन्हा उघडा आणि या वेळी मुलीचं नाव सोडून समोरच्या टीमची बाजू बघा. नियमाप्रमाणे पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने लिहितात, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्याने. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याभोवती ठळक गोल करून खाली रेघ मारतात. तुमच्या टेबलावरच्या स्कोअररने हे नेटाने पाळलं आहे. पॉइंटच्या रांगेत प्रत्येक आकड्याशेजारी तो पॉइंट करणाऱ्या मुलीचा नंबर असतो. समोरच्या टीमची ७ नंबरची मुलगी शोधा. पहिल्या क्वार्टरमध्ये लाल शाईत तिचा नंबर पाच वेळा आहे, प्रत्येक वेळी दोन पॉइंटची बास्केट, म्हणजे दहा पॉइंट. पहिल्या रेघेच्या खाली, उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून, ती फक्त दोनदा दिसते. आता तुमच्या मुलीच्या नावापुढची मैदानात उतरल्याची फुली बघा. ती निळी आहे आणि तिचा पहिला फाउलही निळाच. म्हणजे ती पहिल्या क्वार्टरमध्ये बेंचवर होती.

सात नंबर तुमच्या मुलीमुळेच थंडावली असं मी म्हणणार नाही. ती मुलगी दमली असेल, सरांनी डिफेन्सची पद्धत बदलली असेल, तिचे सोपे शॉटही चुकले असतील. कागद एवढंच सांगतो की ११ नंबर आत आली आणि त्यानंतर सात नंबरचे पॉइंट आटले. मग मुलीला एक साधा प्रश्न विचारा: "फायनलला सात नंबरला कोण मार्क करत होतं?" उत्तर "मी" असं आलं, तर ते तीन फाउलही वेगळ्या नजरेने बघा. पाचव्या फाउलला बाहेर जावं लागतं. समोरच्या सगळ्यात भारी खेळाडूला धरून ठेवायचं आणि तीन फाउलमध्ये मॅच काढायची, हे सांभाळून खेळणाऱ्या मुलीचं लक्षण आहे.

जे मोजलं गेलं नाही ते झालंच नाही, असं मानण्याची चूक फार मोठ्या ठिकाणीही झाली आहे. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली ती १९७३-७४ च्या हंगामात. बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला होता. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं आणि बचावात त्याच्या तोडीचा माणूस नाही असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्याने किती शॉट अडवले याची अधिकृत नोंद कुठेच नाही.

मोजणी सुरू झाल्यावरही बरंच काही निसटत राहिलं. शेन बॅटिए नावाचा खेळाडू होता. कारकिर्दीची सरासरी काढली तर मॅचमागे नऊपेक्षाही कमी पॉइंट. रिबाउंड, स्टील, ब्लॉक, कुठेच डोळ्यात भरावं असं काही नाही. पण ह्यूस्टनच्या संघात असताना कोबी ब्रायंटसारख्या भरपूर पॉइंट करणाऱ्या खेळाडूला मार्क करायचं काम त्याच्याकडे असायचं. शॉट अडवायला तो उडी मारून फाउल ओढवून घ्यायचा नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा आणि ज्या जागेवरून त्याचे शॉट कमी बसतात तिकडे त्याला रेटत न्यायचा. पुढे मायामीकडून त्याने २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं पाहिली. दुसरं उदाहरण स्टीव्हन अ‍ॅडम्सचं. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमाच्या रसेल वेस्टब्रूकने पॉइंट, रिबाउंड आणि असिस्ट (बास्केट घडवणारे पास) या तिन्हींत दहाच्या वर सरासरी ठेवली, जगभर त्याचा बोलबाला झाला. त्यातल्या कितीतरी रिबाउंडच्या वेळी त्याच टीममधला अ‍ॅडम्स समोरच्या धिप्पाड माणसाला पाठीवर घेऊन उभा असायचा आणि बॉल मोकळ्या असलेल्या वेस्टब्रूककडे जायचा. नोंद वेस्टब्रूकच्या नावावर.

एनबीएने २०१६ च्या प्लेऑफपासून (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांपासून) अशा कामांचीही मोजणी सुरू केली. किती पासना नुसता हात लागला, किती सुटे बॉल उचलले, किती चार्ज घेतले, किती शॉटच्या वेळी समोर हात होता, कोणाच्या स्क्रीनमुळे बास्केट झाली. बॉक्स आउट त्यानंतर आले. चार्ज, स्क्रीन, बॉक्स आउट म्हणजे काय ते पुढे सांगते. अशा मेहनतीसाठी वेगळा पुरस्कारही निघाला आणि पहिला पॅट्रिक बेव्हर्लीला मिळाला. एवढा पैसा आणि एवढे कॅमेरे असूनही त्यांना इथवर यायला इतकी वर्षं लागली. आपल्याकडे जिल्हा पातळीवर तर अजून रिबाउंडही सहसा कोणी लिहीत नाही.

मुलगी "माझं काम वेगळं आहे" म्हणते, ते काम दिसतं कसं ते सांगते, म्हणजे पुढच्या मॅचला तुम्हाला ओळखता येईल. शॉट उडाला की मैदानावरच्या बहुतेक मुली वर बघतात. बॉक्स आउट करणारी मुलगी आधी आपल्या माणसाला, म्हणजे समोरच्या टीममधल्या तिने धरायच्या मुलीला, शोधते. तिच्या आणि रिंगच्या मध्ये शिरते, पाठ तिला टेकवते, गुडघे वाकवून खाली बसल्यासारखी होते, हात पसरते. मागची मुलगी रेटते, बाजूने वळसा घालायला बघते. ही पावलं सरकवत तिला पाठीवरच ठेवते. सगळा खेळ दीड-दोन सेकंदांचा. तेवढ्यात बॉल रिंगवर आपटून खाली येतो आणि चार हातांवर मोकळ्या उभ्या असलेल्या टीममेटच्या हातात पडतो. टाळ्या तिला. सरांनी मोजायचं ठरवलं तरी रिबाउंड तिच्याच नावावर.

स्क्रीनचं तसंच. तुमच्या टीमच्या स्कोअररला (टेबलावरच्या नव्हे, पॉइंट करणाऱ्या मुलीला) मोकळं करायला ही वाटेत पाय रोवून उभी राहते, हात छातीशी घेऊन. पाठलाग करणारी तिच्यावर येऊन आदळते, अडकते, आणि स्कोअररला एक मोकळा श्वास मिळतो. ही धक्का लागताना जरा हलली तर फाउल हिचाच. चार्ज घ्यायचा म्हणजे तर वेगाने रिंगकडे घुसणाऱ्या मुलीच्या वाटेत आधी जाऊन उभं राहायचं आणि छातीवर धडक घ्यायची. फाउल समोरच्या मुलीच्या नावावर लागतो, बॉल आपल्याकडे येतो, आणि तो फाउल कोणी काढला याची नोंद आपल्या कागदावर कुठेच होत नाही. आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवर हे करणाऱ्या मुलीची कोपरं बघा. मॅचनंतर तुमच्या मुलीच्या कोपराला हळद लागते का, हे तिच्या आईला विचारा.

काही गोष्टी याहून पुसट असतात. टीममेटला हुकवून समोरची मुलगी आत घुसली की ही आपला माणूस सोडून एक पाऊल वाटेत टाकते. घुसणारी थबकते, बॉल मागे देते. ब्लॉक नाही, स्टील नाही, काहीच झालं नाही असं वाटतं. पण हातातोंडाशी आलेली बास्केट गेलेली असते. आणि आवाज. "डावीकडून स्क्रीन!" असं वेळेवर ओरडणारी एक मुलगी टीममध्ये असली की बाकी चौघींना पाठीला डोळे फुटतात. तुम्ही प्रेक्षकांत बसता तिथून हा आवाज ऐकू येतो. कोणाचा येतो ते पुढच्या वेळी ऐका.

आता दुसरी बाजू. ही मी मुलीसाठीही लिहिते आहे, तिला वाचायला द्या. पॉइंट न करणारी प्रत्येक मुलगी असं काम करत असतेच असं नाही. काही मुली नुसत्या पळतात. बॉल आपल्याकडे येऊ नये म्हणून कोपरा धरून उभ्या राहतात, आणि "माझं काम दिसत नाही" हे वाक्य त्यांनाही सोयीचं असतं. मी अशा मुली पाहिल्या आहेत आणि त्यांना वेळेवर कोणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. म्हणून तुमची शंका रास्त आहे. ती तपासून बघा, तपासायच्या आधी निकाल देऊ नका.

दुसरं असं की उत्तम डिफेन्स करणाऱ्या मुलीलाही रिंगकडे पाठ फिरवून चालत नाही. ही मारतच नाही हे समोरच्या टीमला दुसऱ्या क्वार्टरपर्यंत कळतं. मग हिच्यावर ठेवलेली मुलगी हिला सोडून मध्ये येऊन उभी राहते आणि तुमच्या स्कोअररपुढे एकीच्या जागी दोघी होतात. म्हणजे न मारण्याचाही तोटा होतो, आणि तोही कागदावर येत नाही. तेव्हा "स्कोअरिंग वाढव" यात तथ्य आहे, पण तुम्ही सांगितलंत तसं नाही. "बॉल हातात आला की मार" आणि "मोकळी असलीस की मार" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षभर जे शॉट तिने घोटले नव्हते ते विभागीय स्पर्धेत, मोठ्या टीमसमोर, अंगावर माणूस असताना ती मारत होती, कारण वडिलांनी सांगितलं होतं. ते चुकणारच होते. त्यातून तिला खेळता येत नाही हे सिद्ध होत नाही.

तिने तीन गोष्टी घोटाव्यात असं मी सुचवीन. ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून मारायचा शॉट, डाव्या हाताने आणि उजव्या हातानेही. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेघेवरून कोणी न अडवता मारायचा शॉट. आणि कोर्टवरची एक ठरावीक जागा, जिथे मोकळी असताना बॉल मिळाला तर तो विश्वासाने मारता येईल. डिफेन्सवाल्या खेळाडूला एवढी शिदोरी पुरते. मॅचमध्ये दोन-तीनदा जरी तिने तिथून मारलं, तरी समोरच्या मुलीला तिच्याजवळ थांबावं लागेल आणि आत जागा मोकळी होईल. ती जागा वापरून दुसरीने बास्केट केली तर पुन्हा नोंद दुसरीचीच, याची मात्र तयारी ठेवा.

तपासायचं कसं ते सांगते. तुम्ही आकड्यांचे माणूस आहात, हे काम तुमच्याइतकं चांगलं टीममधल्या दुसऱ्या कोणाचे पालक करू शकणार नाहीत. पुढच्या मॅचला एक वही न्या. पूर्ण एक क्वार्टर बॉलकडे बघूच नका, फक्त मुलीकडे बघा. फार अवघड जाईल, नजर आपोआप बॉलमागे जाते. दहा मिनिटं नेटाने करा. शॉट उडाल्यावर तिने कोणाला पाठीवर घेतलं का, बॉलला हात लावला का, सुटा बॉल उचलला का, स्क्रीन दिला का, टीम हल्ल्यावरून परतताना ती पहिल्या दोघींत होती का. रेघा मारत जा. चुकाही लिहा: आपला माणूस सोडला, मोकळी असून मारलं नाही, पास चुकला. नावे आणि जमा, दोन्ही बाजू.

दुसरी नोंद याहून सोपी आहे. ती मैदानात उतरली तेव्हा फलकावर काय होतं आणि बाहेर आली तेव्हा काय होतं, एवढंच लिहा. समजा आत आली तेव्हा १८-२०, म्हणजे टीम दोनने मागे. बाहेर आली तेव्हा ३१-२५, म्हणजे सहाने पुढे. तिच्या नावावर आठ जमा. ही रीत आइस हॉकीतून आली आणि आता बास्केटबॉलमध्ये सर्रास वापरतात. पण हिच्यावर लगेच भाळू नका. दुबळ्या टीमसमोर सगळ्यांचाच आकडा जमेत दिसतो. तुमच्या सगळ्यात भारी स्कोअररबरोबरच ती उतरत असेल तर त्यातला मोठा वाटा त्या मुलीचा. एका मॅचचा आकडा म्हणजे एका दिवसाचा बाजारभाव, त्यावरून हंगाम ठरत नाही. सात-आठ मॅच लिहा, तोडीच्या टीमसमोरच्या मॅच वेगळ्या काढा, मगच त्याकडे बघा.

आता सर. तुम्हाला वाटतं की सरांनी तिची समजूत काढली असेल. मला ते पटत नाही, आणि कारण तुमच्याच पत्रात आहे: ते तिला प्रत्येक मॅचमध्ये खेळवतात. समजूत शब्दांनी काढतात, त्यासाठी फायनलमध्ये कोणी कोणाला खेळवत नाही. तरीही त्यांना भेटा. "हिला शॉट का देत नाही?" असं विचारू नका, त्याला ते काय उत्तर देतील हे मी आत्ताच सांगू शकते. दोन प्रश्न विचारा. समोरच्या टीमच्या कोणत्या मुलीवर तुम्ही हिला ठेवता? आणि मॅच अटीतटीची असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत ही मैदानावर असते का? कोच काहीही बोलला तरी त्याचा खरा भरवसा कोणावर आहे हे या दोन उत्तरांत कळतं. सगळ्यात भारी मुलीवर ठेवतात आणि शेवटी मैदानावर ठेवतात, असं उत्तर आलं तर तुमची मुलगी खरं बोलते आहे. दोन्हींचं उत्तर नाही असं आलं, तर ती अजून घडते आहे. काय कमी पडतं ते सरांकडून नीट समजून घ्या आणि मुलीसमोरच बोला, तिच्या पाठीमागे नको.

हे वाचणाऱ्या क्रीडा शिक्षकांनाही एक सांगावंसं वाटतं. आपल्या तालुक्याच्या कॉलेजांत कॅमेरे नाहीत, मदतनीस नाहीत, हे मला माहीत आहे. बेंचवर बसलेल्या मुली आहेत ना? एकीच्या हातात बॉक्स आउटचा कागद द्या, दुसरीच्या हातात सुट्या बॉलचा. त्यांचंही लक्ष खेळात राहील आणि काय बघायचं ते त्या शिकतील. मॅचनंतर पॉइंटबरोबर हे आकडेही सगळ्यांसमोर वाचून दाखवा. फक्त त्यांवर बक्षीस लावू नका. बक्षीस लावलं की मुली आपला माणूस सोडून बॉलला हात लावायच्या मागे धावतात आणि डिफेन्स मोडतो.

निवड चाचणीचा प्रश्न खरोखर अवघड आहे. तुमच्या पत्रात तो उघड नाही, पण पुढे येणार आहे. अनोळखी निवड समितीसमोर थोडा वेळ खेळायला मिळतं आणि तिथे स्कोअर करणारी मुलगी पटकन डोळ्यात भरते. हा अन्याय आहे आणि तो एका दिवसात जाणारा नाही. अशा ठिकाणी मुलीने आपला खेळ बदलू नये, मोठा करावा. डिफेन्समध्ये आवाज चढवून बोलावं, परतताना पहिली असावं, सुट्या बॉलवर झेपावं, आणि आपण होऊन समोरची सगळ्यात भारी मुलगी मार्क करायला मागावी. निवड समितीची नजर त्या भारी मुलीवर असतेच. मॅचचं मोबाइलवर रेकॉर्डिंगही करा. शक्यतो कोर्टच्या कोपऱ्यातून, उंचावरून, पूर्ण अर्धं कोर्ट दिसेल असं. नुसता बॉलमागे फिरणारा मोबाइल काही उपयोगाचा नाही. त्यातले पाच-सहा तुकडे सर समितीला दाखवू शकतात. इतर मुलींचे व्हिडिओ मात्र पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकू नका.

घरातलं बोलणं राहिलं. विभागीय मॅचबद्दल तिला तुम्हीच सांगा की शॉट मारायला मी सांगितलं होतं, तू माझं ऐकलंस, हरण्याचा बोजा तुझ्यावर नाही. एवढं स्पष्ट शब्दांत. सतरा वर्षांची मुलगी असं काही महिनोन्‌महिने मनात ठेवते आणि बापाला कळतही नाही. आजीला आणि पाहुण्यांना उत्तर द्यायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका, ते तुम्ही द्या. पुढच्या वेळी फोन आला तर सांगा, "तिने समोरच्या टीमच्या मुख्य पोरीला गोल करू दिले नाहीत." आजीला ते लगेच समजेल. आणि मॅचहून आल्यावर "किती केले?" याऐवजी "आज कोणाला धरलं होतंस?" असं विचारा. ती बोलायला लागेल, बहुतेक जेवण गार होईपर्यंत.

बारावीचा निर्णय या सगळ्यापासून वेगळा ठेवा. पॉइंट शून्य म्हणून खेळ बंद, हे कारण चुकीचं आहे. मैदान घरापासून लांब आहे, क्लासची वेळ आणि सरावाची वेळ एकच आहे, पैशांची ओढाताण आहे, तिलाच नको झालं आहे, ही खरी कारणं असू शकतात आणि त्यांवर बसून बोलता येतं. खेळाच्या सवलतीच्या गुणांचा विचार असेल तर कोणत्या पातळीच्या स्पर्धेला काय अट आहे ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. नोकरीच्या आशेने खेळवत असाल तर स्पष्ट सांगते, जिल्हा-विभागाच्या खेळावर ती आशा बांधू नका. भुसावळ शेजारीच असल्यामुळे रेल्वेतल्या खेळाडूंबद्दल तुम्ही ऐकलं असेल. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ देशात वर्षानुवर्षं अव्वल राहिला आहे, आणि तिथे पोचणाऱ्या मुली राष्ट्रीय पातळी गाजवून आलेल्या असतात. तुमची मुलगी तिथवर जाईल की नाही हे आज कोणीच सांगू शकणार नाही.

माझा कल विचाराल तर बारावीतही आठवड्यातून तीन-चार दिवस तिला मैदानावर जाऊ द्या आणि परीक्षा जवळ आली की थांबायचं कधी ते तिच्याशी बोलून आधीच ठरवून ठेवा. तोवर वहीत मॅच लिहीत राहा. सात-आठ झाल्या की दोन्ही बाजूंची बेरीज करून मुलीसमोर ठेवा, सरांना दाखवा. बेरीज काय निघते ते मलाही कळवा. चुकांची बाजू जड निघाली तरी कळवा, त्यावर काय करायचं ते मग सविस्तर लिहीन.